टेस्टोस्टेरॉन वरच्या टोकाला असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरचा धोका जास्त धरायचा का?

रानवारा:
५४ वर्षांच्या पुरुषाचा रिपोर्ट आहे. टोटल टेस्टोस्टेरॉन ७६० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर, पीएसए (प्रोस्टेटमधून रक्तात येणारं प्रथिन, कॅन्सरच्या तपासासाठी मोजतात) १.१. दोन्ही मर्यादेत, पण टेस्टोस्टेरॉन बरंच वर. प्रोस्टेटचा कॅन्सर पसरला की उपचारात हेच हार्मोन पार तळाला नेतात. मग ज्याच्या रक्तात ते मुळातच भरपूर, त्याला धोका जास्त का? आणि कमी असलेल्याने जेल किंवा इंजेक्शन घेतलं तर?

तिठा:
७६० आहे म्हणून धोका वाढत नाही. गोंधळ सुरू होतो १९४१ पासून. हगिन्स आणि हॉजेस या संशोधकांनी दाखवलं की वृषणं काढली की पसरलेला कॅन्सर आटतो. त्यावरून 'कमी केल्याने आटतो, तर जास्त असल्याने वाढत असणार' असं सगळ्यांनी धरलं. पण उलटं विधान आपोआप खरं होत नाही.

प्रोस्टेटच्या पेशीत अँड्रोजन रिसेप्टर (टेस्टोस्टेरॉनसारखी पुरुषी हार्मोन्स जिथे चिकटतात त्या जागा) मोजकेच असतात. टेस्टोस्टेरॉन साधारण २५० च्या आसपास गेलं की ते जवळजवळ सगळे व्यापले जातात. खुर्च्या भरल्यावर दाराबाहेर पन्नास माणसं थांबली काय नि पाचशे, आत बसणारे तेवढेच. म्हणून ४०० आणि ७६० यांत प्रोस्टेटला फारसा फरक जाणवत नाही, पण ३०० वरून २० वर आणलं तर प्रचंड जाणवतो. उपचारात ५० च्या खाली न्यायचं ते याचसाठी.

२००८ मध्ये १८ अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, रुग्ण ३,८८६. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन आणि धोका यांचा संबंध सापडला नाही. २०१८ च्या मोठ्या विश्लेषणात फरक दिसला तो फक्त तळाशी: फ्री टेस्टोस्टेरॉन (रक्तातल्या प्रथिनांना न चिकटलेलं) सर्वांत कमी असलेल्या दहा टक्के पुरुषांत धोका सुमारे २३ टक्के कमी. वयाने मोठं, वडील किंवा भावाला हा कॅन्सर, बीआरसीए२ जनुकातला दोष, या गोष्टी टेस्टोस्टेरॉनच्या आकड्यापेक्षा कितीतरी महत्त्वाच्या.

औषधीपान:
यात डीएचटी हे हार्मोन विसरू नका. प्रोस्टेटच्या आत टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी होतं आणि ते रिसेप्टरला जास्त घट्ट चिकटतं. फिनास्टेराइड (प्रोस्टेट वाढल्यावर देतात ती गोळी) ही पायरीच अडवतं. १८,८८२ पुरुषांच्या चाचणीत ५ मिलिग्रॅम रोज, सात वर्षं दिल्यावर कॅन्सर सापडण्याचं प्रमाण २४.४ वरून १८.४ टक्क्यांवर आलं.

पण खरी चूक होते ती पीएसए वाचताना. सहा महिने ते वर्षभरात ही गोळी पीएसए जवळपास निम्म्यावर आणते, म्हणून रिपोर्टमधला आकडा दुप्पट करून वाचायचा. समजा आधी ४ होतं, गोळीवर २ झालं आणि पुढच्या वर्षी २.६ आलं. कागदावर 'नॉर्मल', प्रत्यक्षात ५.२ आणि वाढतंय. गोळी चालू असताना सर्वांत खाली गेलेल्या आकड्यावरून पक्की वाढ दिसली की यूरोलॉजिस्टकडे जायचंच. केसांसाठीच्या १ मिलिग्रॅमच्या गोळीनेही पीएसए खाली येतं आणि ती घेतोय हे सांगायला लोक हमखास विसरतात.

मोजपट्टी:
जेल-इंजेक्शनबद्दल. आधी कमतरता सिद्ध करा: सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी. दुपारच्या एका नमुन्यावर उपचार सुरू करणं चूकच. पीएसए ४ च्या वर (घरात इतिहास असेल तर ३ च्या वर) असेल तर आधी यूरोलॉजिस्ट, उपचार नंतर. सुरू केल्यावर ३ ते १२ महिन्यांत पीएसए पुन्हा. पहिल्या वर्षात ते १.४ पेक्षा जास्त वाढलं तर तपास हवा. थोडी वाढ अपेक्षितच असते, कारण रिकाम्या खुर्च्या भरत असतात. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा) ५४ टक्क्यांच्या वर गेलं की उपचार थांबवायचे.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ५,२०० हून अधिक पुरुष होते. कॅन्सर जेल गटात १२ जणांना, नकली जेलच्या गटात ११ जणांना. मात्र पीएसए ३ च्या वर असलेले त्यात घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यांना हा दिलासा लागू होत नाही.

एक बारीक गोष्ट: जेल लावलेल्या हातातून रक्त काढलं तर आकडा भलताच वर येतो. दुसऱ्या हातातून काढायला सांगा.

रानवारा:
त्या पुरुषाच्या बायोटिनच्या (केसांसाठी घेतात ते व्हिटॅमिन) १० मिलिग्रॅमच्या गोळ्या चालू होत्या. फरक पडतो?

मोजपट्टी:
पडू शकतो, म्हणून विचारलंत ते बरं. काही यंत्रांच्या चाचणीतच बायोटिन वापरलेलं असतं. तिथे रक्तातल्या बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन खोटं जास्त आणि पीएसए खोटं कमी दिसतं. ७६० सोडा, १.१ ची काळजी घ्या. गोळी किमान तीन दिवस बंद ठेवून दोन्ही चाचण्या पुन्हा करा आणि नमुना देताना लॅबला गोळीबद्दल सांगा.