वाण 'लुटणं' म्हणजे देणं की घेणं?

सुगड_बंगळूर:
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे, शाळा इथलीच, मराठी घरात कानावर पडतं तेवढंच. काल फोनवर आजी तिला म्हणाली, यंदा मी स्टीलच्या वाट्या लुटल्या, चाळीस जणी आल्या होत्या. फोन ठेवल्यावर लेक एकदम काळजीने, आजीने कुणाच्या वाट्या लुटल्या? म्हटलं अगं दिल्या तिने, संक्रांतीचं वाण. मग लुटल्या का म्हणाली? आणि इथे मी अडकले, लहानपणापासून ऐकत आलेय पण कधी डोक्यातच आलं नव्हतं. दरोडेखोर लुटतो आणि हळदीकुंकवाला बोलावणारी बाई पण लुटते, दोघांना एकच क्रियापद कसं? देण्याचे अजून कोणकोणते शब्द तुमच्या घरात आहेत तेही सांगा, तिला नीट समजावायचंय.

संत्र्याची_फोड:
ताई, आमच्याकडे नागपूरला बोरन्हाणालाच लूट म्हणतात, 'आज बाळाची लूट आहे, या' असं बोलावणं येतं. बाळाला काळं झबलं, हलव्याचे दागिने घालून पाटावर बसवायचं अन डोक्यावरून बोरं, चुरमुरे, रेवड्या, उसाचे तुकडे ओतायचे, खाली पोरांची झुंबड. मला वाटतं शब्दाचं मर्म तिथंच आहे, देणारा कुणाच्या हातात मोजून देत नाही, ओतून मोकळा होतो, कोणाला किती गेलं ते बघत नाही. दसऱ्याचं सोनं लुटणंही तसंच. लेकीला कौत्साची गोष्ट सांगा. त्याला गुरुदक्षिणेला 14 कोटी मोहरा हव्या होत्या, रघुराजाने यज्ञात सगळं देऊन टाकलेलं, घरात काही नाही. तो कुबेरावर स्वारी करायला निघाला तर कुबेराने रात्रीतून मोहरांचा पाऊसच पाडला. आता कौत्स 14 कोटींच्या वर एक घेईना अन रघू उरलेल्या घरात ठेवीना, मग आपट्याखाली ढीग घालून लोकांना सांगितलं लुटा. म्हणजे देणाऱ्याला नको, घेणाऱ्याला नको, तेव्हा ते लुटायचं होतं. मला ही गोष्ट फार आवडते.

जुनी_पेटी:
माझ्या आजीची वाण द्यायची पद्धत सांगते. सुगडात हरभरा, बोरं, गाजराचा तुकडा, गव्हाची ओंबी, आणि ते असं उघडं हातात द्यायचं नाही, आपल्या पदराखाली झाकून पुढे करायचं आणि समोरचीने पदर पसरून घ्यायचं. लहानपणी वाटायचं लपवते कशाला, आता वाटतं काय दिलं ते चारचौघींत दिसू नये, कुणाचं भारी कुणाचं साधं ही तुलनाच नको. हल्ली सगळे डबे टेबलावर मांडून फोटो टाकतात ते मला पटत नाही.

आणि शब्दांचं म्हणाल तर आमच्या घरात उदार हा शब्द कुणी वापरलेला मला आठवत नाही, दानत म्हणायचे. 'पैसा आहे गं, पण दानत नाही.' गंमत म्हणजे हा शब्द दान वरून आलेला नाही, अरबी दियानत वरून आलाय, त्याचा अर्थ सचोटी, नियत. म्हणजे खिशाशी संबंधच नाही त्याचा. पदरमोड पण घ्या यादीत, आमच्या शाळेतल्या बाई पदरमोड करून पोरांना वह्या आणायच्या आणि विचारलं तर ऑफिसातून आल्या म्हणायच्या.

वारकरी_77:
वासुदेव आठवा. पसाभर धान्य झोळीत पडलं की तो 'दान पावलं, दान पावलं' म्हणत एकेका देवाचं नाव घेतो, पंढरपूरच्या इठोबाला, जेजुरीच्या खंडोबाला. वासुदेव फक्त पोचवणारा. आणि ताटात घालण्याला आपण वाढणं म्हणतो, जे वाढतं तेच वाढायचं, हे तर मला रोज जेवताना नवल वाटतं.

गावकुसाबाहेर:
वाढणंवरून लिहितो, राग मानू नका. माझ्या आजोबांकडे येसकरकी होती, म्हणजे गावच्या वेशीची राखण आणि गावकी, जी महारांकडे असायची. संध्याकाळी घुंगराची काठी घेऊन घरोघर भाकरी मागत फिरायचं, आणि हाताला हात लागू नये म्हणून भाकरी वरून टाकायचे. आजोबा त्या भाकरीबद्दल बोलताना कधीच 'वाढली' म्हणाले नाहीत, 'दिली' पण नाही, कायम 'टाकली'. आणि ते दान नव्हतंच, बलुतं होतं, वर्षभर राबल्याचा हक्क होता, पण देणारे असे द्यायचे की घेणाऱ्याला ती भीक वाटावी. जेवण वाढतात, भीक घालतात, भाकरी टाकतात, वस्तू तीच आहे बघा, क्रियापदावरून देणाऱ्याचा हात कुठे होता ते कळतं. पुढे 14 एप्रिलला वस्तीत जेवण असायचं तेव्हा आजोबा ऐंशीच्या घरात असून बादली घेऊन पंगतीत वाढायला स्वतः उभे राहायचे, वाकून वाढायचे, आणि पोरांनी फलकावर अन्नदान लिहिलं तर पुसायला लावायचे. म्हणायचे, जेवायला बोलावलंय, दान कसलं.

सुगड_बंगळूर:
गावकुसाबाहेर दादा, राग कसला, तुमचं लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. घुंगराची काठी कशासाठी हे तिने विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं, ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने वहीत सगळी क्रियापदं लिहून काढली, लुटणे, वाढणे, घालणे, टाकणे, आणि शेजारी कोण कोणाला असे रकाने केलेत, त्यात आहेर करणे आणि ओटी भरणे तिने स्वतः आजीला विचारून टाकलं. आईला मी पण विचारलं वाट्या कशा दिल्यास, म्हणाली पदराखालूनच, तुझ्या आजीने शिकवलंय तसं. रथसप्तमीपर्यंत वेळ आहे, आमच्या सोसायटीत पाच-सहाच मराठी घरं आहेत पण हळदीकुंकू करतेय, सोसायटी झाडणाऱ्या दोघी कन्नड मावशींनाही बोलावलंय. आमच्याकडे संक्रांतीला एळ्ळू-बेल्ला (म्हणजे तीळ-गूळच) वाटतात तो मी आणते असं त्यातल्या एकीने आधीच सांगून टाकलंय.