राग जात नाही आणि सवयी टिकत नाहीत, काय करू?

कलमवाला_देवगड:
जय ख्रिस्त मंडळी. वय ४१, आंब्याची कलमं आहेत. रविवारची उपासना कधी चुकवत नाही पण घरी आलो की मी तोच. गेल्या सीझनला पेट्या भरताना कामावरच्या पोराकडून देठ मोडला, चीक फळांवर गेला, डाग पडले, आणि मी सगळ्यांसमोर त्याच्यावर असा ओरडलो की तो जेवला पण नाही, माझी मुलगी तिथेच उभी होती. रात्री माफी मागायला गेलो तर म्हणतो, "असूदे दादा, सवय झाली आम्हाला." ते अजून डोक्यातून जात नाही.
जानेवारीत ठरवलं, रोज पहाटे ५ ला उठून तासभर बायबल आणि प्रार्थना. तीन आठवडे चाललं, मग मोहराची फवारणी आली आणि सगळं बंद. आता परत सुरू करायची लाज वाटते. बायबलमधली आत्म्याची नऊ फळं, प्रेम, शांती, सौम्यता वगैरे गुण, लहानपणापासून पाठ आहेत हो, पण माझ्यात दिसत का नाहीत? आणि सवयी लावून घेणं म्हणजे स्वतःच्या जिवावर पवित्र व्हायला बघणं तर नाही ना?

वसईची_मावशी:
बाळा, त्या पोराला ऐकून घ्यायची सवय झाली तशी तुला ओरडायची झाली, ती जायला दुसरी सवयच लागणार. आम्हा कॅथलिकांत जेज्विट संघ स्थापन करणाऱ्या संत इग्नेशियस लोयोलांची एक पद्धत आहे, १५४८ साली छापून आलेली. एकच दोष धरायचा. सकाळी उठल्या उठल्या तो आठवायचा, दुपारी जेवल्यावर आणि रात्री देवासमोर बसून तासातासाचा हिशोब द्यायचा, जितक्यांदा चुकलो तितके ठिपके वहीत. आणि चुकलं की तिथल्या तिथे छातीवर हात ठेवायचा, चारचौघांत कोणाला कळत पण नाही. मी सुनेला टोमणे मारायचे, त्यासाठी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर सुरू केलं. पहिल्या दिवशी ११ ठिपके, रडले मी. दोनेक महिन्यांनी शब्द तोंडातून निघायच्या आधीच हात छातीवर जायला लागला. अजून चुकते, मग फादरकडे जाऊन पापनिवेदन करते.

वेंगुर्ला_बंदर:
मावशींचा मान राखून सांगतो, मला ठिपक्यांनी अजूनच निराश केलं, मी देवाकडे कमी आणि वहीकडेच जास्त बघायला लागलो. मी बोटीवर असतो, आमच्याकडे पहाटे ५ असं काही नसतं, त्यामुळे प्रार्थना घड्याळाला न बांधता कामाला बांधली. जाळं पाण्यात सोडायच्या आधी प्रभूची प्रार्थना, सगळे खलाशी थांबतात, मिनिटभर लागतं. मोठं वाचन १ जून ते ३१ जुलै, मासेमारी बंदीच्या काळात, जाळी दुरुस्त करताना एक जण मार्काचं शुभवर्तमान वाचतो आणि बाकीचे विणतात, १६ अध्याय आरामात होतात. तू पण ऐन सीझनात तासभराचं ओझं घेऊ नको दादा, पहिली पेटी उघडायच्या आधी बायबलमधलं याकोब १:१९ म्हण, ऐकायला तत्पर, बोलायला सावकाश, रागाला मंद. आणि एक माणूस ठेव जो तुला विचारेल. मला माझा मेव्हणा दर शनिवारी विचारतो, या आठवड्यात प्यायलास का. त्याला तोंड द्यायचंय एवढ्यावर कितीतरी संध्याकाळी निभावल्यात मी.

रत्नागिरी_युवासंघ:
दादा तुमचा शेवटचा प्रश्न राहिला. बायबलमधलं फिलिप्पै २:१२-१३ बघा, प्रेषित पौल आपलं तारण साधून घ्या म्हणतो आणि लगेच म्हणतो की इच्छा आणि कृती दोन्ही तुमच्यात घडवणारा देवच आहे. तो हे दोन्ही एका दमात लिहितो, मग आपण का तोडायचं? आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, तर तो सुभक्तीसाठी कसरत करायलाच सांगतो. कसरत म्हटलं की खाडा आलाच, तीन आठवड्यांनी सुटली तर त्यात लाज कसली, उद्या परत.

कलमवाला_देवगड:
सगळ्यांचे मनापासून आभार. याकोबाचं वचन खडूने पॅकिंगच्या शेडच्या दारावर लिहिलं. शनिवारी बायको विचारणार आहे. यंदाही तोच पोरगा कामाला आहे, आज सकाळी त्यालाच सांगितलं की माझा आवाज चढला तर सगळ्यांसमोर मला थांबव, मी रागावणार नाही. तो हसला नाही, नुसतं "बघू दादा" म्हणाला आणि गवत पसरायला लागला.