पीयूसी नापास, सायलेन्सर बदललेला आहे: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शनिवार

बी-४०२: नमस्कार. गाडीतलं कुणाला कळतं का? नुकतीच सेकंडहँड घेतली, २०१८ ची, पेट्रोल, बीएस ४. आधीच्या मालकाने फ्री-फ्लो, म्हणजे मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवलाय. आज पीयूसीला नेली तर नापास. सीओ (कार्बन मोनॉक्साइड, विषारी वायू) १.४ टक्के, एचसी (न जळलेलं पेट्रोल) ४६० आलंय. पीयूसीवाला म्हणतो, सायलेन्सरमुळे होतंय. तो बदलला की पास होईल ना?

ए-२०१: पास होवो न होवो, आधी तो बदलच रे बाबा. रात्री तुझी गाडी रॅम्पवर चढली की आमचं बाळ दचकून उठतं.

बी-४०२: हो वहिनी. काम होईपर्यंत रात्री गेटबाहेरच लावतो.

डी-६०३: एवढं काय त्यात. हायवेला एक ओळखीचा आहे, बाहेरून काम करून देतो. नंबर पर्सनलवर टाकू का?

सी-१०१: डी-६०३, कृपया असलं काही सुचवू नका. कागद मिळेल, पण गाडीच्या नळीतून जे बाहेर पडतंय त्यात काडीचाही फरक पडणार नाही. रॅम्पच्या तोंडाशी आपला वॉचमन बारा तास खुर्ची टाकून बसतो. सीओला ना रंग ना वास, त्यामुळे त्याला कळणारही नाही. आपल्या सोसायटीत तरी हे नको.

बी-४०२: नाही काका, तसं करायचंच नाहीये. नीट दुरुस्त करायचीय. म्हणून तर विचारलं.

सी-१०१: मग ऐक. तीस वर्षं इंजिनच्या टेस्टिंगमध्ये काढली, म्हणून सांगतो. मागचा डबा, म्हणजे सायलेन्सर, फक्त आवाज कमी करतो. धूर साफ करायचं काम त्याचं नाही, ते कॅटचं, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं. इंजिनच्या जवळ पत्र्याचा फुगीर डबा असतो, त्यात मधाच्या पोळ्यासारखी चिनीमातीची जाळी, आणि जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा पातळ थर. जाळी नीट तापली की सीओचा कार्बन डायऑक्साइड होतो, न जळलेलं पेट्रोलही तिथेच जळतं. नुसता मागचा सायलेन्सर बदलला असेल तर कॅट जागेवरच राहतो आणि सीओ एवढा चढत नाही. बीएस ४ पेट्रोलला आयडलवर (गाडी उभी, इंजिन नुसतं चालू) मर्यादा आहे सीओ ०.३ टक्के, एचसी २०० पीपीएम. तुझा सीओ चौपटीहून वर आहे. मला कॅटचाच संशय येतोय.

बी-४०२: कॅट काढून टाकतात लोक?

सी-१०१: सर्रास. आतल्या धातूंना भाव आहे, म्हणून जाळी फोडून विकतात आणि रिकामा डबा परत वेल्ड करून ठेवतात. वरून बघणाऱ्याला कळतही नाही. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा लागतो का?

बी-४०२: नाही, एकदाही नाही.

सी-१०१: त्यावर जाऊ नकोस. कॅटच्या मागच्या ऑक्सिजन सेन्सरखाली एक छोटा स्पेसर घालतात, की दिवा गप्प. धूर मात्र तोच राहतो. दुसरी शक्यता लीकेजची. पुढच्या सेन्सरच्या आधी जोडाला फट असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, मग ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) जास्त पेट्रोल सोडतो आणि सीओ वाढतो. उद्या सकाळी इंजिन थंड असताना खाली ये, टॉर्च घेऊन.

सी-३०५: काका, पीयूसी पास झाली की तो सायलेन्सर कायदेशीर होतो का? माझ्या भाच्याच्या बुलेटलाही तसलाच आहे.

सी-१०१: नाही ताई. पीयूसीत आवाज मोजतच नाहीत. कंपनीने दिलेल्या गाडीत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. १८२ए(४) खाली प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद. प्रदूषण आणि आवाजासाठी १९०(२) वेगळं, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड आणि लायसन्स तीन महिने बाद होऊ शकतं. भाच्याला ओरिजिनल बसवायला सांगा.

रविवार

सी-१०१: ग्रुपवर विचारलं होतं म्हणून इथेच सांगतो. बी-४०२ ची गाडी पाहिली. कॅटच्या डब्याच्या कडेने वेल्डिंगचा जाड, ओबडधोबड टाका आहे, कंपनीचं वेल्डिंग असं नसतं. बोटाने ठोकलं तर पोकळ वाजतो. दुसऱ्या सेन्सरखाली स्पेसरही सापडला. कॅट नवीनच घालावा लागेल, आणि त्याच वेळी मागचा सायलेन्सरही कंपनीचा. खर्च बराच आहे, पण इथे स्वस्तातला मार्ग सुचवणार नाही. रिकाम्या डब्यावर कितीही ट्यूनिंग केलं तरी त्याचा कॅट होत नाही.

बी-४०२: काका, थँक्यू. आईने पण सांगितलं, करूनच टाक.

सी-१०१: काम झालं की थेट पीयूसीला नेऊ नकोस. पंधरा-वीस मिनिटं रस्त्यावर चालव, थंड कॅट काम करत नाही. आणि पीयूसीवाला नळी नुसती तोंडाशी अडकवत असेल तर आत सरकवायला सांग. ३०० मिलिमीटर आत हवी, नाहीतर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच चांगला येतो.

पुढचा शनिवार

बी-४०२: झाली पास! सीओ ०.०४, एचसी ३५. नळी आत घालायला सांगितल्यावर त्यानेही काही कुरकुर केली नाही. वहिनी, आज गाडी आत लावतोय, आवाज आला तर लगेच फोन करा.

ए-२०१: कधी आलास तेच कळलं नाही. मनापासून आभार रे.

डी-६०३: काका, माझी डिझेल आहे. चढावर काळा धूर सोडते. एकदा बघाल का?

सी-१०१: उद्या सकाळी नऊला आणा. आधी एअर फिल्टर उघडून बघू. डिझेलला सीओ नाही, धुराची घनता मोजतात, आणि तीही जोरात रेस करून. इंजिन ऑइल कधी बदललंय तेवढं बिल शोधून ठेवा.