आमदार आपले, पण या कागदावर सही करावी का?

प्रश्न : नदीकाठची (बडोदे)

सर्वांना नमस्कार. ज्यांना आपण वर्षानुवर्षे मनापासून मत देत आलो, त्यांच्याशी एखाद्या मूलभूत प्रश्नावर मतभेद झाला तर समर्थकाने कसे वागावे, याविषयी मला येथील जाणत्या मंडळींचे मत हवे आहे.

माझे माहेर दांडिया बाजारातले. सासर चरोतरातल्या गुजराती पाटीदारांचे. आमचे लग्न १९९१ साली नोंदणी पद्धतीने झाले. विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवसांची नोटीस कार्यालयाच्या फलकावर लागली होती आणि ती कोणीतरी वाचून माझ्या वडिलांना सांगितली. त्यानंतर वडील तीन वर्षे माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. माझा मुलगा झाला तेव्हा ते मांडवीतून घेतलेले लीलो चिवड्याचे पुडके हातात घेऊन दारात उभे राहिले, आणि पुढे मरेपर्यंत त्यांचे जावयाशी माझ्यापेक्षा अधिक जमले.

आता मुख्य गोष्ट. आमच्या आमदारांचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्यांच्या तीन निवडणुकांत मी घरोघरी मतदार चिठ्ठ्या वाटल्या आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी आमच्या सोसायटीत शिरले, वीज गेली, आणि माझ्या सासूबाईंचे इन्सुलिन खराब होण्याची वेळ आली. तेव्हा हे गृहस्थ स्वतः ट्रॅक्टरवरून आले आणि बर्फ भरलेल्या स्टीलच्या डब्यात इन्सुलिनच्या कुप्या ठेवून तो डबा त्यांनी आमच्या जिन्यावर आणून दिला. हे मी विसरू शकत नाही आणि विसरू इच्छितही नाही.

गेल्या महिन्यात त्यांच्या कार्यालयातून एका निवेदनाचा कागद आला. विवाहाची नोंदणी करताना मुलामुलीच्या आईवडिलांची संमती सक्तीची करावी, अशी त्यात मागणी आहे. आपल्याकडे हा विषय नवा नाही. पाटीदार समाजातील काही संघटना ही मागणी करत आल्या आहेत, आणि जुलै २०२३ मध्ये मेहसाण्यातील एका कार्यक्रमात मुख्यमंत्री भूपेंद्र पटेल यांनीही, घटनेच्या चौकटीत बसत असेल तर या शक्यतेचा अभ्यास करू, असे म्हटले होते. कागदावर सह्यांसाठी चाळीस ओळी आहेत. मी महिला मंडळाची अध्यक्ष म्हणून पहिली ओळ माझ्यासाठी रिकामी ठेवलेली आहे.

जो नियम तेव्हा असता तर माझे लग्नच झाले नसते, त्याची मागणी मी कोणत्या तोंडाने करू? आणि सही केली नाही, तर मी त्यांची समर्थक उरते का?

उत्तर १ : रावपुरा

ताई, आपली अडचण खरी आहे, पण माझे मत रोखठोक आहे. खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत. निवेदने येतात आणि फायलीत पडून राहतात. त्याने कायदा बदलत नाही. सही करावयाची नसेल तर तब्येतीचे कारण सांगावे आणि मंडळातील दुसऱ्या बाईंना पुढे करावे. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी येणार आहे आणि तेव्हा पुन्हा त्यांनाच फोन करावा लागणार आहे.

उत्तर २ : मूळचा बडोद्याचा, हल्ली पुण्यात

रावपुऱ्याच्या काकांशी मी सहमत नाही. पुरातली मदत हे आमदारांच्या माणुसकीचे लक्षण आहे आणि त्याबद्दल त्यांचे आभार मानलेच पाहिजेत. परंतु मतदार त्यांच्या घरी जेवायला गेलेला नाही. उलट ते मतदाराच्या मतावर सभागृहात बसलेले आहेत. उपकाराची परतफेड उपकाराने करावी, आपल्या आयुष्यातील सर्वांत खऱ्या गोष्टीविरुद्ध सही करून नव्हे.

सहीवरूनच एक प्रसंग आठवतो आणि त्याचा संबंध थेट आपल्या गावाशी आहे. मार्च १९१८ मध्ये विठ्ठल रामजी शिंदे यांच्या पुढाकाराने मुंबईत अस्पृश्यता निवारण परिषद भरली आणि तिचे अध्यक्ष होते सयाजीराव महाराज. लोकमान्य टिळक तेथे आले, आणि देव अस्पृश्यता मानत असेल तर मी त्याला देव मानणार नाही, अशा अर्थाचे भाषण करून त्यांनी सभा जिंकली. त्यानंतर, मी स्वतःच्या आचरणात अस्पृश्यता पाळणार नाही, अशा जाहीरनाम्यावर सह्या घेतल्या गेल्या, तेव्हा त्यावर टिळकांची सही झाली नाही. त्या सभेत त्यांच्यावर जीव ओवाळून टाकणारे किती लोक असतील याची कल्पना करा, आणि त्यांतील ज्यांना जातिभेद मनापासून नकोसा होता त्यांना घरी परतताना काय वाटले असेल याचीही.

आगरकरांचे उदाहरण तर त्याहून जवळचे आहे. दोघांनी मिळून शाळा काढली, केसरी चालवला, आणि केसरीचे पहिले संपादक आगरकरच होते. सामाजिक सुधारणा कायद्याने व्हाव्यात की नाही यावर त्यांचे पटेना, तेव्हा आगरकर बाहेर पडले आणि १८८८ साली त्यांनी सुधारक काढले. पुढे १८९१ मध्ये संमतिवयाचे विधेयक आले. संमतीचे वय दहावरून बारा करण्याला टिळकांनी कडाडून विरोध केला, कारण परक्या सरकारने आमच्या घरात हात घालू नये असे त्यांचे म्हणणे होते. आगरकरांनी तितक्याच जोराने पाठिंबा दिला. आणि १८९५ साली आगरकर गेले तेव्हा केसरीतील मृत्युलेख टिळकांनी लिहिला. इतके कडवट शब्द एकमेकांना लिहिलेल्या दोन माणसांपैकी एकाने दुसऱ्याचा मृत्युलेख लिहावा, हे मी प्रथम वाचले तेव्हा मला फार वेळ काही सुचले नव्हते.

तब्येतीचे कारण मात्र सांगू नका, ताई. आपण सही का केली नाही हे त्यांना कळलेच नाही, तर आपला नकार त्यांच्यापर्यंत पोहोचलाच नाही असे होईल.

उत्तर ३ : एक वडील

मी बडोद्यातच राहतो आणि या निवेदनावर मी सही केली आहे. येथे सर्व जण एका बाजूने लिहीत आहेत, म्हणून माझी बाजू लिहितो.

माझी मुलगी एकोणीस वर्षांची असताना एके दिवशी कॉलेजला गेली ती परत आली नाही. आठ दिवसांनी आम्हाला कळले की येथून दीडशे किलोमीटरवरील एका खेड्यात तिच्या विवाहाची नोंद झाली आहे. त्या खेड्याशी मुलाचाही संबंध नाही आणि मुलीचाही नाही. नोंदीत दोन साक्षीदार आहेत आणि मुलीने नंतर सांगितले की त्या दोघांना तिने त्या दिवसाआधी कधी पाहिलेले नव्हते. भटजींचे नाव आहे, पण ते भटजी कोण हे तिला ठाऊक नाही. सव्वा वर्षाने ती परत आली. ज्या स्थितीत आली ते मी येथे लिहिणार नाही. त्या नोंदीआधी कोणी मला एक फोन केला असता तर मी नाही म्हटले नसते कदाचित, पण निदान मुलाच्या घरी जाऊन आलो असतो.

ताईंचे लग्न चांगले झाले याचा मला आनंद आहे. सर्वांचे तसे होत नाही. सयाजीरावांनीही १९०४ साली बालविवाहाविरुद्ध कायदा केला, आणि लोकांना तो नको असतानाही दंड ठोठावून राबवला. म्हणजे लग्नात सरकारने पडू नये, असे आपल्या बडोद्याने कधी मानलेले नाही.

उत्तर ४ : निवृत्त वकील, कारेलीबाग

वरील वडिलांचे लिहिणे मी दोनदा वाचले. त्यांच्या दुःखावर वाद घालण्याचा अधिकार कोणाला नाही आणि मी तो घालत नाही. फक्त त्यांच्यावर जे घडले त्यावर निवेदनातील उपाय लागू पडतो का, एवढेच पाहतो.

त्यांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत नोंदणी करणाऱ्याची चूक दिसते. गुजरातमध्ये २००६ पासून विवाह नोंदणीचा कायदा आहे आणि ग्रामपंचायतीच्या हद्दीत हे काम तलाठ्याकडे असते. ज्या गावाशी वधूवरांचा संबंध नाही तेथे नोंद होणे, साक्षीदारांची ओळख न पटवणे, विधी झाला की नाही हे न विचारणे, हे सर्व तपासणीतले दोष आहेत. जेथे साक्षीदार खोटे उभे राहतात तेथे आईवडिलांच्या संमतीचा कागदही खोटा तयार होईल. आणि जो प्रामाणिक मुलगा व प्रामाणिक मुलगी सरळ मार्गाने येतील, तेच या सक्तीत अडकतील.

सयाजीरावांचा दाखला योग्य आहे, पण त्या कायद्याने ज्यांना संमती देण्याचे वयच नव्हते त्या मुलांना आईवडिलांच्या निर्णयापासून वाचवले. प्रस्तावित सक्ती अठरा वर्षांच्या मुलीचा आणि एकवीस वर्षांच्या मुलाचा निर्णय परत आईवडिलांच्या हाती देते. केरळमधील हदिया या तरुणीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले की जोडीदार निवडणे हा सज्ञान व्यक्तीचा घटनेच्या एकविसाव्या कलमाखालील अधिकार आहे. तेथेही विवाहाला विरोध करणारे वडीलच होते.

ताई, आणखी एक व्यावहारिक गोष्ट सांगतो, कारण आपण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते वेळेत आहे. उद्या असे विधेयक विधानसभेत आले आणि पक्षादेश निघाला, तर १९८५ साली घटनेत आलेल्या दहाव्या परिशिष्टामुळे, म्हणजे पक्षांतरबंदीमुळे, आपल्या आमदारांना स्वतःचे मत वेगळे असले तरी त्याविरुद्ध मत देणे कठीण होईल, कारण त्यांची आमदारकीच जाऊ शकते. त्यांचे मन मोकळे आहे ते आत्ता, विधेयक नसताना. त्यांच्या विरोधकाचे पत्र ते बाजूला ठेवतील, पण तीन निवडणुकांत चिठ्ठ्या वाटलेल्या बाईचे पत्र त्यांना वाचावेच लागेल. कोऱ्या नकाराऐवजी तपासणी कडक करण्याची मागणी त्यांच्या हातात द्या : नोंद वधूच्या किंवा वराच्या राहत्या गावीच व्हावी, साक्षीदारांची ओळखपत्रे तपासावीत, वयाचा मूळ दाखला पाहावा.

उत्तर ५ : नदीकाठची

सर्वांचे आभार. रावपुऱ्याच्या काकांनी काळजीपोटी लिहिले हे मला कळते.

मी परवा आमदारांना पत्र लिहिले. दोन पाने झाली. पहिल्या पानावर इन्सुलिनच्या डब्याची आठवण लिहिली, कारण ती न लिहिता पुढचे लिहिणे मला जमले नाही. दुसऱ्या पानावर माझ्या लग्नाची नोटीस, वडिलांचे तीन वर्षांचे मौन आणि वकीलसाहेबांनी सुचवलेल्या तीन मागण्या लिहिल्या. शेवटी लिहिले की मी या निवेदनावर सही करणार नाही, मंडळातील कोणी केली तर तिला अडवणार नाही, आणि पुढच्या निवडणुकीत चिठ्ठ्या वाटायला नेहमीप्रमाणे येईन, मात्र कोणी दारात या विषयावर विचारले तर माझे मत हेच सांगेन. पत्र आणि कागद दोन्ही मी स्वतः कार्यालयात नेऊन दिले. कागदावर तोवर अकरा सह्या झाल्या होत्या, सर्व दुसऱ्या ओळीपासून खाली.

काल रात्री त्यांचा फोन आला. आवाजात नाराजी होती आणि त्यांनी ती लपवली नाही. माझ्यासारखी बाई असे लिहील असे त्यांना वाटले नव्हते, असे म्हणाले. निवेदन मागे घेणार नाही, असेही म्हणाले. पण तलाठ्याकडील खोट्या नोंदींचा एखादा खरा प्रसंग माझ्या माहितीत आहे का, असे त्यांनी दोनदा विचारले आणि रविवारी सकाळी दहा वाजता घरी बोलावले आहे.

उत्तर ३ लिहिणाऱ्या वडिलांना माझी विनंती आहे. आपण त्या निवेदनावर सही केली आहे आणि मी केलेली नाही, हे आपण दोघेही त्यांच्यासमोर सांगू. परंतु त्या खेड्यातील नोंदीबद्दल आपल्याइतके कोणी सांगू शकणार नाही. मुलीचे नाव घेण्याची गरज पडणार नाही. आपण माझ्याबरोबर याल का?