डिलनने लोकप्रिय संगीत बदललं, की त्याची गाणी गाणाऱ्यांनी?

आडवा सूर:
शनिवारी मित्राच्या गच्चीवर वाद पेटला, तो अजून डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे टाकतोय. अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनने लोकप्रिय संगीताचं रूप पालटलं असं सरसकट म्हणतात. माझ्या मते पालटलं ते इतरांनी. त्याचं 'ब्लोइंग इन द विंड' घराघरांत नेलं पीटर, पॉल अँड मेरी या त्रिकुटाने, १९६३ साली, अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत थेट दुसऱ्या क्रमांकावर. 'मिस्टर टॅम्बरीन मॅन' जून १९६५ मध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं तेही अमेरिकन बँड बर्ड्‌सच्या आवाजात. त्यांनी चार कडव्यांतलं एकच ठेवलं, गाणं अडीच मिनिटांच्या आत बसवलं आणि आपल्यातल्या मॅग्विनची बारा तारांची गिटार पुढे आणली. ज्या शब्दांसाठी २०१६ मध्ये डिलनला साहित्याचं नोबेल मिळालं, त्यातले पाऊण शब्द गाळले तेव्हा कुठे गाणं चाललं! मग प्रभाव शब्दांचा की गिटारचा?

बी साइड:
एकाच गाण्यावरून निकाल लावू नकोस रे. त्याच वर्षी जुलैत 'लाइक अ रोलिंग स्टोन' आलं. सहा मिनिटांहून मोठं, आणि आवाज डिलनचाच, तो नाकातला, चरचरीत. रेडिओवाल्यांना पाठवलेल्या तबकड्यांवर गाणं मधोमध तोडून दोन बाजूंवर घातलं होतं, कारण तीन मिनिटांपलीकडचं कोण वाजवणार? ऐकणाऱ्यांनी पूर्ण गाणं मागितलं. तेही दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं. एकही कडवं न गाळता.

त्यातला ऑर्गन नीट ऐक. अल कूपर हा एकवीस वर्षांचा पोरगा, स्टुडिओत नुसता बघायला बोलावलेला. गिटार वाजवायच्या इराद्यानेच आला होता, पण माइक ब्लूमफील्डची गिटार ऐकली आणि गुपचूप आपली पेटीत ठेवली. मग संधी साधून ऑर्गनवर जाऊन बसला. ऑर्गन धड येत नव्हता, म्हणून बाकीच्यांचा कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कानावर पडला की मग हा बोट ठेवायचा. सूर कणभर मागून येतो, तो त्यामुळे. रेकॉर्डिंग ऐकताना डिलन म्हणाला, ऑर्गन वाढवा. हा वादक ऑर्गनचा नाही असं सांगितल्यावरही वाढवायलाच लावला. चूक कुठली ठेवायची हे कळणं म्हणजे नुसतं गीत लिहिणं नव्हे.

तिसरी घंटा:
शब्दांचं कौतुक चालू द्या, चालींचं काय? 'ब्लोइंग इन द विंड'ची चाल 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' या गुलामगिरीच्या काळातल्या कृष्णवर्णीय गाण्यावरून घेतलेली आहे. डिलनने स्वतःच तसं सांगितलंय. 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री'मागे 'स्कारबरो फेअर' हे जुनं इंग्रजी लोकगीत आहे, जे तो लंडनमध्ये लोकगायक मार्टिन कार्थीकडून शिकला. दुसऱ्याच्या जात्यावर आपलं दळण!

टाळकरी:
घंटाताई, दळणाची जाती सगळ्यांचीच सामाईक असायची हो. आमच्या आजोबांकडे संगीत नाटकांची जुनी पुस्तकं होती. पिवळी पानं, कोपरे मोडलेले. प्रत्येक पदाच्या डोक्यावर बारीक टायपात 'चाल' असं लिहून पुढे दुसऱ्याच कुठल्या तरी पदाची ओळ. शाहिरांनी आणि आंबेडकरी जलशांनीही लोकांच्या तोंडी बसलेल्या चालींवर नवे शब्द घातले. चाल ओळखीची असली की माणूस शब्द ऐकतो. डिलन गावागावांतली गाणी ऐकत, लोकगायक वुडी गथ्रीच्या मागे लागत तयार झालेला. त्याने तेच केलं.

तिसरी घंटा:
काका, तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. आपल्याकडे 'चाल' अशी वर छापायचे! डिलनच्या तबकडीवर गीत-संगीत म्हणून नाव एकट्याचंच.

टाळकरी:
हे मात्र कबूल. माझ्याकडे याला उत्तर नाही.

बी साइड:
त्याच गाण्याची पुढची गोष्ट राहिली. सॅम कुकने 'ब्लोइंग इन द विंड' ऐकलं आणि त्याला चुटपुट लागली, की हे गाणं एका गोऱ्या पोराने लिहिलं, आपण का नाही? ते तो स्वतःच्या कार्यक्रमांतही गायला. पाठोपाठ त्याचं 'अ चेंज इज गॉना कम' आलं. म्हणजे कृष्णवर्णीयांची चाल डिलनकडे गेली, आणि तिथून एका कृष्णवर्णीय गायकाला डिवचून परत आली. घंटा, तुझी तक्रार खरी आहेच. पण आडवा, हा प्रभाव कुठल्याही गिटारच्या नावावर टाकता येत नाही.

आडवा सूर:
कुकचं मान्य. पण टॉम विल्सनला विसरू नका. डिलनच्या विजेच्या वाद्यांच्या पहिल्या गाण्यांचा निर्माता तोच, 'रोलिंग स्टोन'चाही. जून १९६५ मध्ये त्याने सायमन आणि गारफंकल या जोडीच्या 'साउंड ऑफ सायलेन्स'वर त्यांना न विचारता इलेक्ट्रिक गिटार आणि ड्रम चढवले, आणि जानेवारी १९६६ मध्ये ते पहिल्या क्रमांकावर. फोक रॉक (लोकसंगीत अधिक रॉक) म्हणतात तो आवाज घडवण्यात या माणसाचा वाटा केवढा! त्याच्या नावाने कुणी टी-शर्ट विकत नाही. आणि डिलनचं 'ऑल अलाँग द वॉचटॉवर'? गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सने १९६८ मध्ये ते असं वाजवलं की पुढे खुद्द डिलनच मंचावर त्याच्या वळणाने वाजवू लागला.

चौथा मजला:
सकाळपासून नुसता वाचतोय. हेन्ड्रिक्सला स्वतःच्या आवाजाची लाज वाटायची. डिलन ऐकून त्याला धीर आला की असा आवाज घेऊनही गाता येतं. माझ्या लेखी डिलनचा खरा प्रभाव तो. गळा गोड नसलेल्यांना त्याने माइकसमोर उभं केलं. बीटल्सचा जॉन लेननसुद्धा 'यू हॅव गॉट टू हाइड युअर लव्ह अवे' हा आपल्या डिलन-काळातला म्हणायचा. स्वतःची गाणी बीटल्स आधीपासून लिहीतच होते. पण 'मी' म्हणून, तोंड पाडून लिहिणं डिलननंतर वाढलं.

(विषयांतर: अरुण कोलटकरांची इंग्रजी गाणी 'द बोटराइड' या मरणोत्तर संग्रहात आहेत. वाचताना मला तरी डिलनची सावली दिसते. इथे कुणी वाचलीत का?)

टाळकरी:
वाचलीत. कोलटकर पखवाज शिकले होते, तेव्हा सावली दोन्हीकडून पडलेली असणार.

आडवा सूर:
गच्चीवरच्या मित्राला धाग्याची लिंक पाठवली. इतकी वर्षं तो 'टॅम्बरीन मॅन' बर्ड्‌सच्याच चालीत, एकच कडवं गात होता. काल चारही कडवी कागदावर उतरवून आला. दुसऱ्यापर्यंत सगळे बसले होते, तिसऱ्याला दोघं चहा टाकायला उठले, चौथं मी एकट्याने ऐकलं. तिसऱ्याच्या शेवटी तो अडखळला होता, पण थांबला नाही.