सोसायटी ग्रुप: फ्राय मोठा की शाकिरी?

बी-७०२: काल रात्रीच्या क्विझचा प्रश्न ५. फुटबॉलमध्ये स्वित्झर्लंडसाठी सर्वाधिक गोल कोणाचे? आलेली सगळी उत्तरं: शाकिरी. सगळी चूक. बरोबर उत्तर अलेक्झांडर फ्राय. ८४ सामने, ४२ गोल.

डी-२०४: हा कोण बाई? शाकिरी तरी ऐकलेला.

बी-७०२: शाकिरीचे १२५ सामन्यांत ३२, मावशी. फ्रायचे दोन सामन्यांमागे एक. २००८ साली त्याने जुना विक्रम मोडला. त्याआधी ट्युर्कइलमाझ आणि आबेगलेन, दोघांचे ३४-३४ होते. त्यातला आबेगलेन तर १९२०-३० च्या काळातला!

ए-४०३: अरे, आकडे ठेव बाजूला. मोठ्या दिवशी हा गडी कुठे असायचा ते सांग. २००४ चा युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा, आठवतोय का? इंग्लंडकडून ३-० मार खाल्ला, त्यात हा त्यांच्या जेरार्डवर थुंकला. पुरावा नाही म्हणून आधी सुटला, मग स्विस टीव्हीचंच चित्रण बाहेर आलं आणि बंदी बसली. पुढच्या फ्रान्सच्या सामन्यात हा बाहेर. त्या स्पर्धेतला स्वित्झर्लंडचा एकुलता एक गोल मारला कोणी? १८ वर्षांच्या फोनलांथेनने.

सेक्रेटरी: उद्या सकाळी १० ते १२ पाणी बंद राहील. टाकी धुणार आहेत. कृपया भरून ठेवणे.

डी-२०४: थुंकला?? आणि आपण जिन्यात पाट्या लावतोय.

बी-७०२: 😂😂 मावशी!

बी-७०२: काका, ते मान्य. पण नंतर लगेच २००४-०५ मध्ये रेनकडून २० गोल मारून फ्रेंच लीगमध्ये पहिला आला, ते नाही सांगितलंत. रेन म्हणजे काही श्रीमंत क्लब नव्हे.

ए-४०३: क्लबचं वेगळं रे. मी देशाचं बोलतोय. २००६ चा वर्ल्डकप घे. स्वित्झर्लंडवर चार सामन्यांत एकही गोल झाला नाही आणि तरी घरी गेले. युक्रेनशी ०-० आणि मग पेनल्टी. स्ट्रेलर, बार्नेता, काबानास, तिघांच्याही वाया. आणि ठरलेला पेनल्टीवाला फ्राय? शेवटच्या काही मिनिटांत त्याला बाहेर काढलेलं.

बी-७०२: बाहेर काढला तो प्रशिक्षकाने! त्याचा काय दोष? आणि तिथवर पोचवलं कोणी? टोगोविरुद्ध पहिला गोल त्याचा, कोरियाविरुद्ध दुसरा त्याचा. कोरियाच्या वेळी लाइन्समनचा झेंडा वर होता, बचावफळी थबकली. हा थांबला नाही, गोलकीपरला चुकवून चेंडू आत. रेफ्रींनी गोल दिला. शिट्टी वाजेपर्यंत खेळायचं, हे आपल्या टर्फवरच्या पोरांना कोणीतरी शिकवा.

ए-४०३: २०१० च्या वर्ल्डकपला स्पेनला १-० हरवलं, तेव्हाही हा घोटा दुखावून बाहेर. गोल फर्नांडिसचा. मी वाईट खेळाडू म्हणत नाही. योग नव्हता म्हणतो.

सी-१०१ (बासेल): इथे आता दुपार आहे, म्हणून उशिरा वाचलं. काका, तुम्ही २००८ सोडलंत आणि खरं दुखणं तेच आहे. युरो घरी, उद्घाटनाचा सामना बासेलमध्ये, म्हणजे फ्रायच्या जन्मगावी. हा कर्णधार. मध्यंतर व्हायच्या जरा आधी गुडघ्याचे लिगामेंट गेले. रडत मैदान सोडलं त्याने. चेक संघ १-० जिंकला आणि फ्रायचा युरो तिथेच संपला.

डी-२०४: अरेरे.

सी-१०१ (बासेल): आणि एवढं करून तीन वर्षांत त्याच्या वाट्याला काय आलं, तर घरच्याच मैदानावर शिट्ट्या. या शिट्ट्या म्हणजे आपल्याकडे लावणीला वाजतात तशा नव्हेत हं. इकडे शिट्टी म्हणजे ‘चालता हो’. एप्रिल २०११ मध्ये तो आणि स्ट्रेलर दोघांनी मिळून राष्ट्रीय संघ सोडला. सर्वाधिक गोल करणारा माणूस असा गेला. मला ते अजून पटत नाही.

ए-४०३: प्रेक्षक उगाच शिट्ट्या मारत नाहीत, ताई. काही महिने गोल नव्हते.

सी-१०१ (बासेल): राष्ट्रीय संघात नव्हते. त्याच हंगामात बासेलकडून लीगमध्ये २७ मारले होते, काका.

बी-७०२: बोला आता!! आणि काकांच्या ‘मोठ्या दिवशी कुठे’ला माझं उत्तर: मे २००७, जर्मन लीग, फ्रायचा तेव्हाचा क्लब डॉर्टमुंड विरुद्ध शेजारचा कट्टर वैरी शाल्के. शाल्के गुणतक्त्यात पहिले, १९५८ नंतरचं पहिलं विजेतेपद दोन सामन्यांवर. डॉर्टमुंडने २-० हरवलं, पहिला गोल फ्राय. शाल्केला आजवर ते विजेतेपद मिळालेलं नाही. डॉर्टमुंडवाले अजून हसतात.

बी-७०२: सप्टेंबर २००८, परत तेच दोन संघ. युरोतल्या त्या गुडघ्यानंतर तीनच महिने. डॉर्टमुंड ०-३ मागे. फ्राय बदली म्हणून आला, दोन गोल, शेवटचा ८९ व्या मिनिटाला पेनल्टीवर. ३-३. प्रशिक्षक क्लॉपचा डॉर्टमुंडमधला पहिलाच डर्बी, म्हणजे शेजारी वैऱ्यांचा सामना, होता तो.

ए-४०३: हे तीन महिन्यांत परतणं माहीत नव्हतं. मानलं.

सी-१०१ (बासेल): मग २०११ पण माना. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर बासेल ०-२ वरून ३-३. आधी फाबियान फ्राय, मग अलेक्झांडरचे दोन. (भाऊ नव्हेत ते. नातंच नाही काही.) डिसेंबरमध्ये इथे बासेलला २-१. शाकिरीने लांबून चेंडू टाकला, फ्रायने डोक्याने आत ढकलला आणि मँचेस्टर युनायटेड चॅम्पियन्स लीगच्या गटातूनच बाहेर. आमच्या गल्लीत त्या रात्री झोपलं कोण! दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांचे घसे बसलेले.

डी-२०४: म्हणजे शाकिरी आणि हा एकाच संघात? मग आमचं उत्तर अर्धं बरोबर धरा.

बी-७०२: अर्धा गुण दिला मावशी. असिस्टचा 👍

सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. फुटबॉल वेगळ्या ग्रुपवर घ्यावे ही विनंती. (त्या २०११ च्या संघाचं पुढे काय झालं?)

बी-७०२: सेक्रेटरीसाहेब 😂 बाद फेरीत जर्मनीच्या बायर्नला घरी १-० हरवलं, मग म्युनिकला जाऊन ०-७.

ए-४०३: सात!

सी-१०१ (बासेल): ते इथे काढायचं नाही, भांडण होतं. एप्रिल २०१३ मध्ये हंगाम संपायच्या आधीच फ्राय खेळातून निवृत्त झाला. नंतर प्रशिक्षक. २०२२ ला विंटरथूर क्लबला ३७ वर्षांनी वरच्या लीगमध्ये चढवलं. लगेच बासेलने बोलावलं आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये काढूनही टाकलं. स्वतःच्या क्लबने.

ए-४०३: प्रशिक्षकाचं तेच असतं. पण ठीक आहे, शाकिरीच्या वर ठेवतो मी त्याला. जेरार्डचं सोडून.

डी-२०४: जेरार्डचं सोडायचं नाही. पाणी १० ला जाणार की १२ ला?