घरची घडी विस्कटली की पुन्हा धरायची कुठून? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून)

सोमवार

सी-२०३ (रात्री ११.१०): उशिरा मेसेज टाकतेय, माफ करा. आज सलग तिसऱ्यांदा मी बादली घेऊन खाली पोचेपर्यंत कचरा नेणाऱ्या ताई गेटबाहेर पडल्या होत्या. आता घरात तीन दिवसांचा ओला कचरा आहे, त्यात आंब्याच्या कोयी. पण खरं दुखणं बादलीचं नाही. मे महिन्यात सासूबाईंचं ऑपरेशन, मग मुलांच्या शाळा, मग पालख्या पुण्यात होत्या ते दोन दिवस गावाकडचे पाहुणे. एवढ्यात घराची होती ती घडी पार गेली. परवा पिठलं रटरटत असताना गॅस संपला, आणि दुसरा सिलिंडरही रिकामाच, कारण बुकिंग राहिलं होतं. जिरं संपलं म्हणून आणलं तर डब्यामागून तिसरी पुडी निघाली. वाळलेले कपडे टाकायची खुर्ची आता खुर्ची म्हणून ओळखू येत नाही. मागच्या रविवारी वहीत पहाटे साडेपाचपासूनचं वेळापत्रक आखलं, मंगळवारी वहीच सापडेना. कोणी अशी घडी पुन्हा बसवली असेल तर सांगा. फॉरवर्ड नकोत.

ए-१०१ (११.१४): यशस्वी माणसांच्या सकाळच्या दहा सवयी! पहिली सवय : ब्राह्ममुहूर्तावर उठा…

ए-१०१ (११.१६): माफ करा. वरचं शेवटचं वाक्य वाचलं नव्हतं.

सेक्रेटरी (११.२०): ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे. तथापि कचरा हा सोसायटीचा विषय असल्याने चर्चेस हरकत नाही. ताई गेल्यावर बादली जिन्यात ठेवू नये. मांजर सांडते.

मंगळवार

डी-५०४ (सकाळी ९.०५): ताई, आमच्या फ्लॅटची घडी कधी बसलीच नव्हती, त्यामुळे विस्कटली नाही 😄 पण एकदा प्रयत्न केला होता. तिघांनी फोनवर अ‍ॅप घेतलं, पाळीने भांडी. २१ दिवस केलं की सवय लागते म्हणे. नवव्या दिवशी एकाला हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रात्रीचे साडेदहा वाजले, त्याचा दिवस चुकला, अ‍ॅपवर लाल फुली आली. दुसऱ्या दिवशी बाकी दोघांनीही हात वर केले. अ‍ॅप गेलं, भांडी आहेत.

बी-३०२ (९.४०): ते २१ दिवस डोक्यातून काढा. मी कॉलेजवर मानसशास्त्र शिकवते, दर वर्षी कोणीतरी हा आकडा घेऊन येतंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी ९६ जणांना १२ आठवडे एकेक साधी सवय लावायला सांगितली, जेवणासोबत एक फळ खाणं वगैरे. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ असा अंदाज निघाला. आणि डी-५०४, तुमच्या लाल फुलीबद्दल : मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुम्हाला फुलीने बुडवलं नाही, फुली बघून तुम्ही सोडलंत.

बी-४०१ (१०.१५): ६६ दिवस लंडनला. आपल्याकडे चातुर्मासाचा नेम चांगला चार महिने चालतो, आषाढीपासून कार्तिकीपर्यंत. पण सासूबाई आम्हाला सांगायच्या, नेम एकच धरायचा. कांदा सोडला की पुरे, त्यात मौनही आणि लक्ष वातीही धरल्या की श्रावणाआधीच सगळं सुटतं. सी-२०३, तुझ्या वहीत पहिल्या दिवशी किती कामं होती?

सी-२०३ (१०.१८): चौदा 🙈

बी-४०१ (१०.३६): झालं तर. आता माझं ऐक. मी वेळ ठरवत नाही, जे आपोआप होतं त्याला काम बांधते. गेल्या वर्षी डासांची तपासणी करायला पालिकेची माणसं आली होती. मी अगदी तोऱ्यात दार उघडलं. त्यातल्या मुलीने फ्रिज पुढे ओढायला लावला आणि मागच्या ट्रेवर बॅटरी मारली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. घरात रोज केर-फरशी होते आणि फ्रिजमागे ही नर्सरी! तिनेच सांगितलं की अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. कड घासायला लागते. तेव्हापासून माझा गुरुवार. पुणेकराला गुरुवार विसरता येत नाही, पाणी बंदचा मेसेज त्याच दिवसाचा येतो. पाणी बंद असो नसो, गुरुवारी फ्रिजचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या आणि मनीप्लँटची बाटली. पंधरा मिनिटं.

ए-१०१ (१०.५०): वहिनी, आम्ही आजवर फ्रिजमागे पाहिलेलंच नाही. आता बघायला भीती वाटते.

सी-१०४ (११.३०): सगळं पटलं, पण काकू, तुमच्या हाताशी वेळ आहे. आम्ही साडेआठला बाहेर पडतो, परत यायला आठ.

बी-४०१ (११.३४): चाळीस वर्षं नोकरी केली ग बाई. वेळ तेव्हाही नव्हता.

सी-२०३ (११.४१): कचऱ्याचं मला दिसलं. ताईंची शिट्टी सव्वासातला होते, तेव्हा मी डबे भरत असते. शिट्टी ऐकून बादली शोधायला लागले की उशीर होणारच. रात्री ओटा पुसला की दोन्ही बादल्या दाराशी, एवढंच करून बघते.

सी-२०३ मिस्टर (११.५२): मीही या ग्रुपवर आहे हे नम्रपणे कळवतो. मला सांगत जा, मी करतो.

बी-३०२ (११.५५): भावोजी, रागावू नका, पण आठवण ठेवून सांगायचं कामही तिचंच का?

सी-२०३ मिस्टर (दुपारी १.२०): यावर जेवणाच्या सुट्टीत विचार केला. गॅस माझ्याकडे. सिलिंडर हलवून बघण्यापासून बुकिंग, पैसे, सगळं. कोणी आठवण करायची नाही.

ए-१०१ (१.२६): शाब्बास. मग नळीही तुमचीच. ती केशरी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलायची असते, नळीवर छापलेलं वर्ष बघा.

सी-२०३ मिस्टर (रात्री ८.४०): बघितलं. २०१७. उद्याच बदलतो.

सेक्रेटरी (८.४५): सर्व सभासदांनी आपापली नळी तपासावी. याची स्वतंत्र नोटीस लिफ्टजवळ लागेल. नोटिशीवर पेनाने काही लिहू नये.

डी-५०४ (१०.१०): आम्ही ठरवलंय, भात लावला की कुकरची शिट्टी होईपर्यंत भांडी. तीन शिट्ट्यांत जेवढी होतील तेवढी. आज कढई राहिली.

शुक्रवार

सी-२०३ (सकाळी ७.३५): ताज्या बातम्या. बुधवारी बादली वेळेत. काल फ्रिज ओढला, ट्रेमध्ये अळ्या नव्हत्या, पण मुलाची हरवलेली स्केचपेनं होती. ट्रे घासला. मनीप्लँट राहिला, तो आज. खुर्चीला हात लावलेला नाही आणि लावणारही नाही, एकादशी होईपर्यंत फक्त बादली आणि गुरुवार.

बी-४०१ (७.४०): लावू नको. आमच्याकडेही आहे एक खुर्ची.

सेक्रेटरी (८.०५): पार्किंगमध्ये निळ्या झाकणाची बादली बेवारस आहे. तळाला मार्करने सी-२०३ लिहिले आहे.

सी-२०३ (८.०६): माझीच. वेळेत खाली नेली, वर आणायची राहिली.